यात्रेकरूला नाव विचारू नये

भिंगार, ११ फेब्रुवारी १९४३

चि. मार्तंड यास,

मेलेल्या बहिणीचा आशीर्वाद लागतो की बाधतो, ते तुझ्या पोथीत बघून घे. लागत असला तर अनेक आशीर्वाद. बाधत असला तर हे पत्र गोदेत सोड आणि हात धू, म्हणजे सुटलास.

इतक्या वर्षांत मी लिहिलं नाही. काय लिहिणार? अण्णांनी तुझ्या हातून घाटावर माझ्या नावाचा घट फोडवला. पोरगी ख्रिस्ती झाली म्हणजे मेली. तिच्या नावानं घरात कुणी रडायचं नाही आणि पाण्याचा थेंबही सोडायचा नाही. तू तेव्हा सतरा वर्षांचा, नुकतं मिसरूड फुटत होतं. घट फोडताना तुझा हात कापत होता, असं मला कुणीतरी सांगितलं. ते खोटं असेल तर कळवू नकोस. मला तो कापलेलाच बरा वाटतो.

मी का गेले ते तुला ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, ते सोसलं. पुढं सहा वर्षं माहेरची चूल फुंकली, तुझी गणितं सोडवली, तुझ्या खोड्या पाठीशी घातल्या. मग अण्णांना एकाएकी शास्त्र आठवलं आणि माझं डोकं करायला न्हाव्याला सांगावा गेला. तो यायच्या आदल्या संध्याकाळी मी मागच्या दारानं निघाले, ती थेट नगरला. मागच्या दाराची कडी कुणी काढून ठेवली होती, ते विचारू नकोस. आता माझे केस कमरेपर्यंत आहेत. नर्सच्या टोपीत मावता मावत नाहीत.

हो, नर्स. भिंगारच्या लष्करी इस्पितळात असते. लढाई चाललीय हे तुम्हाला रॉकेल आणि साखर मिळेनाशी झाली तेव्हा कळलंच असेल. आमची तुकडी लवकरच समुद्रापार जाणार. कुठं, ते आम्हालाही सांगत नाहीत. बोटी बुडतात म्हणे. मला पोहता येतं, पण गोदेत.

अण्णा गेल्याचं मला भाजीवाल्या बाईकडून कळलं. आईचं काहीच कळत नाही. मला तिला एकदा भेटायचंय रे. मार्तंडा, दुसरं काही म्हणजे काही नको. पण मी दारात उभी राहिले तर तुझं काय होईल, ते मला कळतं. तू गावचा उपाध्याय. ज्याच्या ओटीवर ख्रिस्तीण चढली त्याला सत्यनारायणाला कोण बोलावणार, आणि त्याच्या बायकोला हळदीकुंकवाला कोण बोलावणार? तुझ्या सुचित्राला मी पाहिलेलंही नाही, तिच्या ताटात माती कशाला कालवू?

म्हणून दार उघड असं म्हणत नाही. आई आहे ना, तेवढं एका कार्डावर लिही. 'आहे' किंवा 'नाही'.

तुझी
कै. अक्का


पॅलेस्टाइन, २० डिसेंबर १९४३

चि. मार्तंड,

कार्ड आलं नाही. तू पहिल्यापासूनच असा. रुसलास की कोठीच्या खोलीत जाऊन बसायचास आणि लाडू दाखवला की यायचास. लाडू इथं मिळत नाहीत, म्हणून नुसतं पत्र.

छावणीचं नाव लिहायला बंदी आहे. देशाचं चालतं. आमच्या प्रभूचा हा देश. सगळे म्हणाले, सिस्टर, तुम्ही भाग्यवान! मी म्हटलं, भाग्य कसलं, इथंही माणसांच्या आतड्यांना तोच वास येतो. आमचा पाद्री दर महिन्याला बऱ्या झालेल्या जखमींना लॉरीत घालून यरुशलेमला नेतो. मी दोनदा नाही म्हटलं. तीर्थं, क्षेत्रं, नवससायास सोडून तर मी ख्रिस्ती झाले. नगरचे पाळकसाहेब सांगायचे, देव जागेत नसतो, आणि मला ते झटकन पटलं होतं. घाटावर दक्षिणेवरून चाललेली भांडणं ऐकत मोठी झालेली मी, मला तीर्थाची काय नवलाई?

पण माझ्या वॉर्डात गहिनीनाथ आहे. पाथर्डीकडचा, आमच्यातलाच, म्हणजे ख्रिस्ती. त्याच्या आजोबांच्या काळात त्यांची सगळी वस्ती ख्रिस्ती झाली. नावं मात्र तीच ठेवली. लॉरी उलटून त्याचा पाय मोडला, कुबड्यांवर चालतो. तो म्हणाला, "शिष्टरबाई, तुमी आल्याबिगर पाद्रीसायेब मला नेत न्हाईत. माझी आय छबूबाई घरी वाट बघती, पोरगं देवाच्या गावाला जाऊन आलं का म्हनून. तिला काय सांगू? बाईला कटाळा आल्ता म्हनून?"

गेले. वेशीवर तारा, संगिनी, झडत्या. इथले ज्यू आणि अरब एकमेकांवर दात खाऊन आहेत आणि गोरे शिपाई दोघांवर. मधूनच कुठं काहीतरी फुटतं. पाद्री सारखं सांगत होता, एकत्र राहा, एकत्र राहा. बोळ आपल्या नगरच्या बाजारासारखेच, मसाल्याचा वास, गाढवं, पोरं. मी मनाशी म्हटलं, हं, हे बघायला आले होय.

आणि मग ते थडगं. ज्यातून प्रभू उठला, ते. अरे, त्या देवळाला लोखंडी तुळयांचे टेकू लावलेत! मागं कधीतरी भूकंप झाला, तेव्हापासून ते पडायला आलंय, आणि पाच पंथांचे पुजारी कुणी दुरुस्त करायचं यावर भांडतायत. दाराची किल्ली एका मुसलमान घराण्याकडे, कारण एकमेकांवर त्यांचा भरवसा नाही. मला हसू आवरेना. अगदी आपला घाट!

हसत हसतच आत वाकले. दार एवढं ठेंगणं की कुणीही असो, वाकावंच लागतं. आत चार माणसं दाटीनं मावतात. एक दगड, लोकांच्या हातांनी लोण्यासारखा गुळगुळीत झालेला. माझ्या शेजारी एक काळी म्हातारी तोंड टेकवून काही पुटपुटत होती, मला त्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं. मी हात ठेवला. आणि मार्तंडा, माझे गुडघे गेले. मी गुडघे टेकले असं नाही, ते आपणहून गेले. देव जागेत नसतो हे मला पाठ आहे. मग तिथं होतं ते काय होतं? माझ्या अंगावर काटा आला आणि तो बाहेर उन्हात आल्यावरही जाईना. मी रडले नाही. म्हणजे थोडी रडले.

गहिनीनाथ कुबड्यांसकट आत शिरला आणि बाहेर येईना. पाद्रीनं हाक मारल्यावर आतून म्हणाला, "जरा थांबा वो सायेब. पुन्यांदा कोन येऊ देतंय हितं."

आई आहे ना?

कै. अक्का


पॅलेस्टाइन, १४ एप्रिल १९४४

चि. मार्तंड,

आता मीच पाद्रीच्या मागं लागते, लॉरी कधी निघणार म्हणून. हस खुशाल.

आजी काशीहून आली ते तुला आठवत नसेल. तू कडेवर होतास. ती थेट घरी आली नाही. यात्रेहून आलेल्यानं आधी वेशीपाशी थांबायचं, घरच्यांनी वाजतगाजत न्यायला जायचं, मग मावंद्याचं जेवण. ती चांगदेवाच्या देवळाबाहेर पारावर बसली होती. दारात आईनं तिचे पाय धुतले. अण्णाही तिच्या पाया पडले. मी विचारलं, आजी तर रोजचीच, मग आज अण्णासुद्धा का वाकले? आई म्हणाली, आज ती आजी नाही, यात्रेकरू आहे. यात्रेकरूला नाव नसतं, वय नसतं, जात नसते. दारातल्या यात्रेकरूला नाव विचारू नये.

हे मला का आठवलं ते सांगते. आमच्या शास्त्रात एका विहिरीची गोष्ट आहे. प्रभू उन्हातून चालून दमून विहिरीवर बसला आणि पाणी भरायला आलेल्या परजातीच्या बाईकडे त्यानं पाणी मागितलं. ती चकित होऊन म्हणाली, तुमची जात आमच्या हातचं पाणी पीत नाही, आणि तू माझ्याकडे मागतोस? ही गोष्ट मी नगरला पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझी खात्रीच पटली की शास्त्र लिहिणारा आपल्याकडे कधीतरी येऊन गेला असणार.

ती विहीर आहे! अजून आहे. वर अर्धवट बांधलेलं देऊळ, खाली पायऱ्या उतरून गेलं की काळोखात ती. तिथला दाढीवाला साधू वाटीभर पाणी आत ओततो आणि बोट वर करून ऐका म्हणतो. आम्ही ऐकत राहिलो. काही नाही, काही नाही, आता हे पाणी गेलं कुठं असं वाटायला लागलं आणि मग खोलातून चुबुक. सगळ्यांचा श्वास एकदम सुटला.

साधूनं रहाटाचा दोर पुढं केला. गहिनीनाथानं कुबड्या मला दिल्या आणि कठड्याला टेकून दोर ओढायला लागला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, आमच्या गावात आमी हिरीच्या कट्ट्यावर चढत न्हाई. माझी आय घागर घिऊन खाली उबी ऱ्हाती. कुनाला दया आली की वरून वततं. तासतास ऱ्हाती." पोहरा वर आला. कडा ओल्या, थंडगार. तो प्याला नाही. म्हणाला, "धरा वंजळ."

मी कट्ट्याच्या पायरीखाली होते, तो वर. छबूबाई उभी राहते तशी मी उभी होते. आणि काय सांगू तुला, माझा हात क्षणभर मागं गेला. ख्रिस्ती होऊन दहा वर्षं झाली, एका ताटात जेवते सगळ्यांबरोबर, तरी आपल्या पुणतांब्याचा तो हात मागं गेला. त्यानं पाहिलं. हसून म्हणाला, "जात गेली न्हाई व्हय अजून? मंग प्या, म्हंजी जाईल." मी प्याले. गार, गोड पाणी. मग त्यानं आपल्या तोंडावर पोहरा उपडा केला आणि तो माणूस, दोन महिने पाय कापायचा की ठेवायचा ऐकताना ज्यानं हूं केलं नाही, तो ओक्साबोक्शी रडला. साधू जुन्या गड्यासारखा त्याची पाठ चोळत होता.  

तिथून यार्देनेला गेलो. प्रभूनं जिच्यात बाप्तिस्मा घेतला ती नदी. गोदेपुढं ओढा रे! गढूळ, काठाला झुडपं, या काठावरून बोललेलं त्या काठाला ऐकू जाईल. मी लुगडं खोचून पाण्यात उतरले. नाक धरलं, बुडी मारली, आणि वर येताना तोंडातून आपसूक काय निघावं? आंघोळीचा श्लोक! नद्यांची नावं घेतो आपण, तो. घेतली सगळी नावं, अगदी गोदेचं नाव खणखणीत, यार्देनेच्या मधोमध उभी राहून! भानावर आले तर पाद्री काठावरून बघतोय. त्यानं विचारलं, ही कुठली प्रार्थना? मी म्हटलं, माझ्या आईची.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. ती नदी काही बोलली नाही, वाहत राहिली, आणि मला असं वाटलं की तिनं मला ओळखलं. मी पहिल्यांदा गोदेत बुडी मारली तेव्हा आईचा हात माझ्या दंडाला होता. तोच हात त्या दिवशी दंडाला होता. 

गहिनीनाथ म्हणाला, "तुमचं बरं हाय बाई. आमच्या पाथर्डीला नदीच न्हाई, तुमी तोंडात नद्या घिऊन हिंडता."

औषधाची एक बाटली उकळून नेली होती, ती यार्देनेच्या पाण्यानं भरून घेतली. विहिरीवरच्या मेणबत्तीच्या मेणानं बूच बंद केलं. कुणासाठी, ते तूच ओळख.

कै. अक्का


पॅलेस्टाइन, २ सप्टेंबर १९४४

चि. मार्तंड,

तुझं कार्ड आलं! वर नाव नाही, खाली नाव नाही. "येथे क्षेम. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, दिसत नाही. पुढे पत्रे पाठवू नयेत."

मी ते इतक्यांदा वाचलं की वॉर्डातल्या पोरांना वाटलं माझा कुणी यार आहे. आहे! आई आहे! मार्तंडा, तुझ्या तोंडात साखर पडो, मिळत असेल तर. पत्रं पाठवू नयेत म्हणे. अरे, पत्रं नको असती तर तीन पत्रं पोहोचेपर्यंत थांबला असतास का? आणि पत्ता किती जपून लिहिलायस, नंबरसुद्धा चुकला नाही.

पण दिसत नाही म्हणजे किती दिसत नाही? उजेड कळतो का? मोतीबिंदू काढता येतो. मी इथं रोज बघते. तिला नगरला ने. नेणार नाहीस, ठाऊक आहे. ती येणार नाही. इस्पितळातलं पाणी कुणाच्या हातचं, म्हणून विचारील.

मी तिकडे येईन तेव्हा ती मला बघणार नाही, हे काल रात्रपाळीला मला पहिल्यांदा कळलं. एवढे केस वाढवले आणि तिला दिसणार नाहीत. माझ्या मनात सारखं हेच यायचं की ती दारातून मला बघील, एवढंच, आणि मी परत फिरेन. आता ते गेलं. आता तिनं हात लावला तरच. आणि हात लावायला तर मी मेलेली आहे.

मी पत्रं पाठवणार. तू फाड.

कै. अक्का


भिंगार, १९ डिसेंबर १९४५

चि. मार्तंड,

लढाई संपली, मी परत आले, बोट बुडाली नाही. गहिनीनाथ माझ्याआधी घरी पोचला. त्यानंही एक बाटली आणली होती, त्या विहिरीच्या पाण्याची. परवा भिंगारला पाय दाखवायला आला, तेव्हा म्हणाला, आईनं ते रांजणात ओतलं आणि सगळ्या वस्तीला बोलावून पाजलं. "बाटली लहान हुती, पन रांजन मोठा हुता," म्हणाला, जसं काही त्यानं कुठं बिघडत नाही. मलाही त्यात काही चुकलेलं दिसलं नाही.

माझी बाटली फळीवर आहे. तिच्याशेजारी तुझं दुसरं कार्ड. सकाळी वाचलं, दुपारी वाचलं, आता पुन्हा समोर घेऊन बसलेय. "आई विचारते की, यात्रेहून आलेल्या त्या बाईचे मावंदे कोणी घातले काय."

त्या बाईचे! वा रे आमची आई! आणि तू कसला भोळा, जसंच्या तसं लिहून पाठवलंस. की नाहीस भोळा?

मला कळलं. मुलगी येऊ शकत नाही. ख्रिस्तीण येऊ शकत नाही. मेलेली तर नाहीच नाही. पण यात्रेकरू येऊ शकते, आणि दारातल्या यात्रेकरूला नाव विचारू नये.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी सकाळच्या गाडीनं येते. स्टेशनावरून घरी येणार नाही, देवळाबाहेरच्या पारावर बसेन. कुणी न्यायला आलं तर येईन, नाही आलं तर दुपारच्या गाडीनं परत. आमच्या पाळकसाहेबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते म्हणतील, देव जागेत नसतो. त्यांचं त्यांच्यापाशी. मला माझ्या आईकडे जायचंय.

तू घरी नसलास तरी चालेल. म्हणजे नसलेलाच बरा. उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल, मी गावात नव्हतो, आईनं कुणा यात्रेकरणीचे पाय धुतले, मला काय ठाऊक.

भीती वाटतेय रे. इतकी मला बोटीवरही वाटली नाही.

कै. अक्का


भिंगार, २२ जानेवारी १९४६

चि. मार्तंड,

तू खरंच कोपरगावला गेलास! मी लिहिलं म्हणून लगेच जायचं असतं का रे?

ऐक आता, तुझ्या घरात काय झालं ते. तुला आई सांगणार नाही आणि सुचित्रा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. ती बरोबर वागली, तिला रागावू नकोस. दाराआडून तिच्या बांगड्या वाजत होत्या, तेवढी तिची माझी ओळख.

पारावर बसले होते. डोक्यावरून पदर, मांडीवर बाटली. नदीवरून गार वारा येत होता. गावातली दोन-चार माणसं बघून गेली. मग मळ्यातली बनुबाई आली. मी गेले तेव्हा ती नवी सून होती, आता पोरासोरांची आई झालीय. "चला बाई, काकू वाट बघत्यात," म्हणाली. ओळख दाखवली नाही. मीही नाही.

चालताना ती आपलीच बोलत होती. "लई नाद हाय बगा काकूंना ह्याचा. घाटावर कुनी बी यात्रेकरीन दिसली की घरी आनायची, पाय धुवायचे, जेवाय घालायचं. आता दिसत न्हाई तर मला धाडत्यात. पयलं न्हवतं हे. त्यांची लेक वारली, घट फोडला न्हवं का तिचा, तवापास्नं धरलंय."

मी विचारलं, "तेव्हापासून रोज?"

"कुनी घावंल त्या दिशी. डोळं गेल्यापास्नं पायावरनं हात फिरवत बसत्यात जरा येळ. मंग म्हनत्यात, बरं, जेवून जा बाई. मला कळतंय ना, ही न्हवं म्हनून." मग बनुबाई थांबली आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "चला बिगीबिगी. पानी निवंल."

मार्तंडा, हे तू मला का लिहिलं नाहीस? घराला माझ्या नावानं पाणी सोडायची बंदी होती. तिनं सोडलं नाही. तिनं एक तप जगाच्या पायांवर पाणी घातलं आणि कुणालाही बोलायला जागा ठेवली नाही. मी तिकडे दगडावर हात ठेवून काय होतंय ते शोधत होते, आणि इथं पुणतांब्याला, आपल्या ओटीवर हे चाललं होतं. मी रस्त्यातच थांबले. बनुबाईनं कोपराला धरलं.

ती उंबऱ्याशी बसली होती. केवढीशी झालीय रे. पुढं परात, बाजूला पाण्याचं घंगाळ. म्हणाली, "या. लांबून आलात."

मला 'आलात' म्हणाली! जन्मात पहिल्यांदा. मी म्हटलं, "हो." 

"बसा पाटावर. पाय द्या."

पाय दिले. तिनं पाणी घातलं, हात फिरवला, घोट्यापर्यंत आली आणि तिचे हात थांबले. तिचं तोंड मला दिसत होतं. काही हललं नाही त्या तोंडावर. नुसते हात. माझी बोटं एकेक करून धुतली, लहानपणी चिखलातून आले की धुवायची तशी. धुऊन पुसले, आणि पुसून पुन्हा धुतले. बनुबाई दाराच्या चौकटीला टेकून पदर डोळ्यांना लावत होती. आमच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, ते मी कितीदा वाचलंय. वाचताना मी मजेत त्यांच्या रांगेत बसलेली असायची. आपले पाय असे कुणी धुतं तेव्हा तोंड कुठं लपवावं ते कळत नाही, हे काल कळलं. मी म्हटलं, "पुरे." ती म्हणाली, "यात्रेकरूनं पुरे म्हणायचं नसतं."

मग विचारलं, "त्या विहिरीचं पाणी गोड होतं का?"

म्हणजे तू सगळी पत्रं वाचून दाखवलीस. लबाडा.

"गोड होतं," मी म्हटलं.

"आणि त्या मुलाचा पाय?"

"बरा झाला. चालतो."

"बरं झालं. त्याच्या हातचं प्यालात, चांगलं केलंत." हे आपली आई म्हणाली, मार्तंडा. घरी आलेल्या पाहुण्याचा पाण्याचा तांब्या राखेनं घासून घेणारी आपली आई. मी गेल्यावर तिनं आंघोळ केली असेल, तर केली असेल. त्यावरून तिला काही म्हणू नकोस.

ओटीवर पत्रावळ मांडून मला वाढलं. पुरणाची पोळी. जेवून झाल्यावर मी बाटली तिच्या हातात दिली. तिनं बुचाचं मेण नखानं चाचपलं आणि बनुबाईला म्हणाली, घाटावर चल. आम्ही तिघी मागच्या दारानं नदीवर गेलो. मला वाटलं ती देव्हाऱ्यात ठेवील किंवा सांडून टाकील, दोन्ही मनाची तयारी केली होती. ती पायरीवर वाकली, पाण्याला हात लागेपर्यंत वाकली, आणि बाटली गोदेत हळूच ओतली. म्हणाली, "भेटू दे एकमेकींना. वाहत्या पाण्याला विटाळ नसतो." मग तोंडानं नद्यांची नावं घेतली. सगळी घेऊन झाल्यावर माझ्याकडे तोंड करून विचारलं, "काय म्हणालात तिचं नाव?" मी सांगितलं. तिनं तेही घेतलं. यार्देन. तिच्या तोंडून ते नाव ऐकताना मला वाटलं, आता नदी थांबेल. थांबली नाही. दोन्ही पाणी एकच होऊन खाली चाललं होतं, आणि मला ते बघवतही नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

गाडीची वेळ होत आली. घाटावरून काठाकाठानं स्टेशनाकडे जाता येतं, गल्ली टाळून. तुझी अब्रू वाचेल म्हणून मी तिकडेच वळले. तिनं माझा दंड धरला. तोच हात, मार्तंडा.

"मागून नको," ती म्हणाली. "मागच्या दारानं एकदा गेलीस तेवढं पुरे. कडी मीच काढली होती आणि मीच लावली. आता पुढच्या दारानं जा."

गेलीस म्हणाली. जा म्हणाली.

तिनं मला घरातून पुढं नेलं, उंबऱ्याबाहेर काढलं आणि माझा हात धरून दारात उभी राहिली, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, माझ्याकडे बघताच ओळखलं. त्यांच्या मांडीवर वाढलेली मी. उठल्या, पायऱ्या उतरून आल्या, आणि यात्रेकरूला वाकतात तसा वाकून नमस्कार केला.  गल्लीत कुणीच हरकत घेतली नाही. म्हणून तुला सांगते, घाबरू नकोस. आणि घाबरलास तरी मला लिही.

आणखी एक राहिलं. निघताना बनुबाई म्हणाली, पहाटे मालकांनीच उठून बंब पेटवला, पाणी तापलं की नाही ते हात घालून बघितलं, आणि मग गाडीला गेले. ज्या हातानं घट फोडलास त्याच हातानं ना?

पाणी फार कढत होतं रे, मेल्या. गार पाण्याचं विसण घालायचं तुला अजून सुचत नाही. माझे पाय भाजले आणि मी हूं केलं नाही.

अनेक आशीर्वाद. सुचित्रालाही.

तुझी
अक्का